रंग गेला, पण औषध गेले का?

प्रकाशाच्या साहाय्याने पाण्यातील औषधांचे अंश नष्ट करणाऱ्या नॅनोकणांविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते. शोधनिबंध निघतात, त्यांवरून वर्तमानपत्रांत चौकटी येतात आणि त्या चौकटींवरून शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनांत प्रकल्प मांडले जातात. प्रकल्पाचे स्वरूप जवळजवळ ठरलेले असते. चंचुपात्रात निळे पाणी, त्यात चिमूटभर पांढरी पूड, वर दिवा किंवा ऊन. तासा-दोन तासांनी पाणी रंगहीन. मागच्या तक्त्यावर मथळा असतो तो मात्र औषध कारखान्यांच्या सांडपाण्याचा. आमचा आक्षेप पुडीवर नाही आणि उन्हावर तर नाहीच. निळ्या पाण्यावरून थेट औषधाच्या सांडपाण्यावर जी उडी मारली जाते, तिच्याविषयी आम्हांला लिहायचे आहे. ही उडी केवळ विद्यार्थी मारतात असे नाही. ती त्यांना मोठ्यांनी शिकवलेली आहे.

चर्चा हवेत राहू नये म्हणून सोलापूरजवळची चिंचोळी एमआयडीसी डोळ्यांसमोर ठेवू. सोलापूरहून पुण्याकडे निघाले की महामार्गालगत, मोहोळ तालुक्यात ही वसाहत लागते. सोलापूर म्हटले की चादरी आणि टॉवेल आठवतात. पण चिंचोळीत रसायनांचे आणि बल्क ड्रगचे, म्हणजे गोळीत जे मूळ औषध असते ते तयार करण्याचे, कारखाने आहेत. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन हे अनेकांच्या घरातले औषध घ्या. स्मृती ऑरगॅनिक्स या तिथल्या कंपनीच्या उत्पादनांत मेटफॉर्मिन आहे. बालाजी अमाइन्स ही सोलापूरचीच दुसरी कंपनी डायमिथिलअमाइन हायड्रोक्लोराइड बनवते, आणि मेटफॉर्मिन करायला ते लागते. या नावांचा उल्लेख उद्योगाची ओळख म्हणून आहे; कोणत्याही कारखान्याच्या सांडपाण्याविषयी आम्ही येथे काही म्हणत नाही. पण जिथे औषध बनते तिथे ते धुतलेही जाते, आणि त्या धुण्याचे पाणी कुठेतरी हाताळावे लागते. या भागाचे पाणी शेवटी सीनेकडे उतरते. सीना पुढे हत्तरसंग-कुडलला भीमेस मिळते.

हे पाणी नीट हाताळले नाही तर काय होते, याचा धडा याच महामार्गावर आहे. सोलापूरवरून हाच रस्ता हैदराबादकडे जातो आणि हैदराबादच्या अलीकडे पाटणचेरू लागते. तिथे सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामाईक प्रक्रिया केंद्रात येत असे. स्वीडनच्या जोकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी त्या केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणारे पाणी तपासले. २००७ साली त्यांनी प्रसिद्ध केले की त्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. रुग्णाने गोळी घेतल्यावर त्याच्या रक्तातही एवढे प्रमाण नसते. अशा पाण्यात जे जिवाणू तगतात ते औषधाला दाद न देणारेच असतात, आणि तो गुण ते शेजारच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. म्हणजे आपण ज्या प्रश्नावर बोलत आहोत तो खरा आहे आणि गंभीरही आहे. म्हणूनच त्याची उत्तरे कडकपणे तपासली पाहिजेत.

आता पुडीकडे वळू. १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर अतिनील प्रकाश टाकून पाण्याचे विघटन होते असे दाखवले. पाच वर्षांनी, १९७७ मध्ये, अमेरिकेत फ्रँक आणि बार्ड यांनी त्याच पदार्थाच्या पुडीने पाण्यातील सायनाइडचे विघटन केले. पाणी शुद्ध करण्याची कल्पना तेथून जोर धरते. तत्त्व सोपे आहे. टायटॅनियम डायऑक्साइड अर्धवाहक आहे. पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण आदळला की त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात उडी घेतो आणि मागे एक रिकामी जागा, म्हणजे धन पोकळी, उरते. ही पोकळी पाण्यातून किंवा हायड्रॉक्साइडमधून इलेक्ट्रॉन हिसकावते आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो. हायड्रॉक्सिल मूलक भलताच हावरा असतो. समोर येईल त्या कार्बनी रेणूवर तो तुटून पडतो. पूड नॅनो आकाराची हवी ती एवढ्यासाठी, की हे सगळे पृष्ठभागावर घडते. बाजारात मिळणाऱ्या एका प्रसिद्ध पुडीचे कण सुमारे २१ नॅनोमीटरचे असतात आणि एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे ५० चौरस मीटर भरतो. वर्गाच्या एका खोलीएवढी फरशी चिमटीत मावते!

आणि निळ्या पाण्याचे काय? तो निळा रंग बहुधा मिथिलीन ब्ल्यूचा असतो. स्वस्त, सहज मिळणारा, डोळ्यांना दिसणारा आणि साध्या वर्णमापीने मोजता येणारा पदार्थ. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी तो चाचणीसाठी घेतला. पुढे २०१० मध्ये त्यावर आधारलेली आंतरराष्ट्रीय मानक चाचणीही आली. पण हा साक्षीदार भरवशाचा नाही, आणि याची तीन कारणे रसायनशास्त्राच्या शिक्षकांना सहज पटतील.

पहिले म्हणजे मिथिलीन ब्ल्यूचा रंग जाणे आणि रेणू मोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निळ्या बाटलीचा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी केला असेल. ग्लुकोज, कॉस्टिक सोडा आणि मिथिलीन ब्ल्यू बाटलीत ठेवले की थोड्या वेळाने रंग जातो. बाटली हलवली की परत येतो. रंग गेला तेव्हा रेणू मोडला नव्हता, त्याचे फक्त क्षपण झाले होते. हवेने त्याला पुन्हा निळे केले. जो रेणू असा लपंडाव खेळतो, तो दिसेनासा झाला म्हणून नष्ट झाला असे म्हणणे धाडसाचे आहे.

दुसरे कारण असे की रंगद्रव्य पुडीला चिकटते. अंधारातसुद्धा पाणी फिके होते. तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. मिथिलीन ब्ल्यू निळे दिसते कारण ते तांबडा प्रकाश शोषते. म्हणजे दृश्य प्रकाशाने रंगद्रव्य स्वतःच उद्दीपित होते, आपला इलेक्ट्रॉन पुडीला देऊन टाकते आणि आपणच बिघडते. पुडीने प्रकाश शोषलाच पाहिजे असे नाही. आता पाहा, टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील प्रकाश लागतो ही तर त्याची मोठी अडचण, आणि ती दूर केली, आमची नवी पूड दृश्य प्रकाशात चालते, असा शेकडो निबंधांचा दावा. पुरावा काय, तर दृश्य प्रकाशात मिथिलीन ब्ल्यूचा रंग गेला! जपानमधील ओहतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली हा प्रश्न निबंधाच्या शीर्षकातच विचारला होता, की अशा चाचणीला मिथिलीन ब्ल्यू योग्य आहे का. त्यांचे उत्तर प्रतिकूल होते. तरीही मिथिलीन ब्ल्यूवरचे निबंध थांबले नाहीत. सवयीचा हा प्रकार आहे, आणि सवयीचे समर्थन 'सगळेच वापरतात' यापलीकडे आम्हांला कुठे आढळले नाही.

चिंचोळीपुरते पाहिले तर आणखी एक गोष्ट उघड आहे. मेटफॉर्मिनला रंग नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या पातळ द्रावणालाही डोळ्यांना दिसेल असा रंग नाही. कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या पाण्यात रंग जाण्याला निदान काही अर्थ आहे. औषधाच्या पाण्यात डोळा काहीच सांगू शकत नाही.

बरे, खरोखर औषध घेऊनच प्रयोग केला तर? असे निबंध आता भरपूर आहेत, आणि ते रंगाच्या निबंधांपेक्षा नक्कीच पुढचे पाऊल आहेत. तेथेही एक शब्द जपून वाचावा लागतो. 'काढून टाकले, ९८ टक्के' असे लिहिलेले असते. ९८ टक्के काय गेले? मूळ रेणू. त्याचे काय झाले हे त्या आकड्यात नाही. मेटफॉर्मिनचेच उदाहरण बोलके आहे. शरीरात ते जवळजवळ न बदलता लघवीवाटे बाहेर पडते. मैलापाणी प्रक्रिया केंद्रातले जिवाणू ते मोठ्या प्रमाणात संपवतात, पण त्याचे ग्वानिलयुरिया बनते आणि तिथे गाडी अडते. ग्वानिलयुरिया सहजासहजी मोडत नाही. फक्त मेटफॉर्मिन मोजणाऱ्याच्या वहीत केंद्र उत्तम चाललेले असते. पुडीच्या बाबतीतही हेच विचारले पाहिजे. पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला? तो घटला नसेल तर रेणूचे तुकडे झाले आहेत, कार्बन डायऑक्साइड नव्हे.

असे प्रश्न विचारून केलेले चांगले काम आहे, ते सांगितले नाही तर आमचे लिखाण एकांगी होईल. पॉल, डॉड आणि स्ट्रॅथमन यांनी २०१० साली टायटॅनियम डायऑक्साइड आणि प्रकाश वापरून सिप्रोफ्लॉक्सॅसिन मोडले. ते किती उरले एवढे मोजून ते थांबले नाहीत. उरलेले पाणी त्यांनी ई. कोलाय जिवाणूंवर वापरून पाहिले. मूळ औषध जितके घटले तितकीच जिवाणू मारण्याची ताकदही घटली, म्हणजे तुकड्यांमध्ये ती जवळजवळ उरली नव्हती. प्रतिजैविकाबद्दल आपल्याला जी भीती आहे, नेमकी तीच त्यांनी तपासली. सिप्रोफ्लॉक्सॅसिन पुडीशिवाय नुसत्या प्रकाशानेही तुटते, तेव्हा तो भागही त्यांनी वेगळा पाहिला. प्रयोगाची मांडणी अशी हवी.

आता उन्हाचा हिशेब करू. सोलापूरला ऊन फुकट आहे, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. अकरावी-बारावीच्या मुलांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज प्रकारात पट्ट्यांमधले अंतर ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. १२४० ला ३.२ ने भागले की सुमारे ३८८ नॅनोमीटर येतात. याहून आखूड लहरींचा प्रकाशच कामाचा. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडते, त्यात अतिनील भाग चार-पाच टक्के. ४५ वॅट धरू. एका तासात १ लाख ६२ हजार ज्यूल झाले. ३६० नॅनोमीटरच्या एक मोल प्रकाशकणांची ऊर्जा सुमारे ३ लाख ३२ हजार ज्यूल. म्हणजे तासाला अर्धा मोल प्रकाशकण मिळाले. पण बहुतेक इलेक्ट्रॉन काहीच न करता पोकळीत परत पडतात आणि उष्णता होते. शंभरांतला एक प्रकाशकण उपयोगी ठरतो असे धरू. उरले सुमारे ०.००५ मोल.

मेटफॉर्मिनच्या रेणूत ४ कार्बन, ११ हायड्रोजन, ५ नायट्रोजन. त्यातल्या कार्बनचे पूर्ण ऑक्सिडीकरण करायचे, नायट्रोजन अमोनियाच्या रूपात सोडून द्यायचा, तरी रेणूमागे १२ इलेक्ट्रॉन काढावे लागतात. ०.००५ ला १२ ने भागून १२९ या रेणुभाराने गुणले की साधारण ०.०५ ग्रॅम येते. एक चौरस मीटर उन्हाने एका तासात संपवले ५० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन. पाचशेच्या एका गोळीचा दहावा भाग. सहा तास कडक ऊन धरले तर ०.३ ग्रॅम. विरघळलेल्या ऑक्सिजनची मदत किंवा चांगली पूड यांमुळे हा आकडा काही पट वाढेल, ढग आणि धुळीने कमी होईल. आपल्याला फक्त आकड्याची जात पाहायची आहे.

समजा एखाद्या कारखान्यातून दिवसाला १०० घनमीटर पाणी निघते आणि त्यात लिटरला १ ग्रॅम औषध आहे. ते झाले १०० किलो. वरच्या हिशेबाने त्याला ३ लाख चौरस मीटरांहून अधिक, म्हणजे सुमारे ८० एकर उघडी उथळ टाकी लागेल. वसाहतीतला भूखंड केवढा असतो ते स्थानिक शिक्षक जाणतातच. मात्र आधी इतर प्रक्रियांनी हेच प्रमाण लिटरला १० मिलिग्रॅमवर आणले, तर एक एकराच्या आत भागते. या पद्धतीची जागा कुठे आहे ते येथे दिसते. ती शेवटच्या हाताची आहे, पहिल्या हाताची नव्हे. 'सांडपाण्यावर उपाय' या मथळ्यात हा भेद पुसला जातो.

शेवटच्या हातालाही एक अडचण आहेच. हायड्रॉक्सिल मूलक हावरा आहे असे वर म्हटले, पण तो चोखंदळ नाही. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात रासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे आपले सर्वसाधारण मानक आहे. त्या गर्दीत एखादा मिलिग्रॅम औषध असेल, तर मूलक बहुतांशी गर्दीवरच खर्च होणार. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाणी घेतले की ही गर्दी नसते. शिवाय आपला प्रदेश बसॉल्टचा. इथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर असते, आणि बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकाला गिळून त्याचा मवाळ कार्बोनेट मूलक करते. पावसाळ्यात काळ्या मातीचा गाळ आला तर अतिनील प्रकाश पाण्यात बोटभरही शिरत नाही. शोधनिबंधात 'खऱ्या पाण्यावर चाचणी' अशी एक आकृती असेल तर ती आधी पाहावी. पुष्कळदा ती नसते.

पूड परत कशी मिळवायची, यावर निबंधांतून फार थोडे लिहिलेले असते. २० नॅनोमीटरचा कण खाली बसत नाही. गाळायला बारीक पटल हवे, त्याला दाब हवा, म्हणजे वीज हवी. काचेवर किंवा जाळीवर पूड चिकटवावी तर पृष्ठभाग घटतो. काही निबंधांत कॅडमियम सल्फाइड वापरलेले दिसते, कारण ते दृश्य प्रकाशात चालते. पण प्रकाशात ते स्वतःच झिजते आणि पाण्यात कॅडमियम उतरते. औषध काढून कॅडमियम घालण्याला शुद्धीकरण म्हणायला आम्ही तयार नाही.

मग जगात कुणी हे वापरते का? स्पेनमधल्या आल्मेरियाच्या सौर केंद्रात १९९० च्या दशकापासून उन्हावरचे मोठे प्रायोगिक संच चालवले गेले आहेत. पण स्वित्झर्लंडने पाण्यातील औषधांचे अंश काढण्यासाठी २०१६ पासून कायद्याने मैलापाणी केंद्रे सुधारायला घेतली, तेव्हा निवडले ओझोन आणि सक्रिय कार्बन. या क्षेत्रातल्याच संशोधकांनी, लोब आणि सहकाऱ्यांनी, २०१९ साली एका आढाव्यात या तंत्राची पहाट आहे की मावळती, असा प्रश्न केला. हजारो निबंध आणि प्रत्यक्ष वापर नगण्य, ही विसंगती त्यांनाही बोचली होती.

आपल्याकडे कारखान्याने कोणते तंत्र घ्यायचे हे अखेर मर्यादेवर ठरते, आणि मर्यादा नसेल तर कुणी मोजतही नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० च्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी १२१ प्रतिजैविकांच्या मर्यादा सुचवल्या होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैविक कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले, पण ते बंधनकारक नाही. उत्तम पूड उद्या सापडली तरी ती कोण विकत घेईल, हा प्रश्न रसायनशास्त्राबाहेरचा आहे आणि तो वर्गात नागरिकशास्त्राच्या तासाला घ्यायला हरकत नाही.

प्रदर्शनातला निळ्या पाण्याचा प्रकल्प बंद करा असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तो चार ग्लासांचा करा. औषधांच्या दुकानात मिळणारी झिंक ऑक्साइडची पूड चालेल. तिलाही अतिनील प्रकाशच लागतो. मिथिलीन ब्ल्यू शोभेच्या माशांच्या दुकानात मिळते. पहिल्या ग्लासात ऊर्ध्वपातित पाणी, रंग आणि पूड, उन्हात. दुसऱ्यात तेच, पण काळ्या कागदात गुंडाळून. तिसऱ्यात पुडीशिवाय नुसता रंग, उन्हात. चौथ्यात रंग आणि पूड, पण पाणी शाळेच्या बोअरचे. दर अर्ध्या तासाला पूड बसू द्यावी आणि रंगाची तुलना करून वहीत लिहावी. फिके झालेले थोडे पाणी बाटलीत घेऊन हवेबरोबर जोरात हलवावे आणि निळेपणा परत येतो का पाहावे. प्रतिजैविकाच्या गोळ्या मात्र या प्रयोगासाठी पाण्यात विरघळवू नयेत. ते पाणी शेवटी आपल्याच मोरीत जाते. प्रयोग संपल्यावर ग्लासांतले पाणी गाळणकागदातून गाळून पूड वाळवावी आणि तोलून पाहावी. घातली होती किती आणि परत मिळाली किती, हे दोन आकडे तक्त्यावर रंगाच्या आलेखाशेजारी लिहावेत.